सिनेटरचं न्यूजलेटर: वाचायचं की डिलीट मारायचं?

गेल्या अंकात मी जाता जाता एक ओळ लिहिली होती की सिनेटरकडून येणारे ईमेल न वाचता उडवू नका, त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. जास्त न्यू जर्सीचीच, थोडी कॅलिफोर्निया-टेक्ससची, एक पुण्याहून पण आलंय. सगळी छापणं शक्य नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं काढून टाकलीत.

प्रश्न: ताई, मी मुलाकडे न्यू जर्सीत एडिसनला आलोय. इथे घरी वेगवेगळ्या सिनेटरची पत्रकं येतात, मुलगा म्हणतो आपले एकूण तीन सिनेटर आहेत. मला आमदार-खासदार एवढंच कळतं. हे तीन कुठून आले?

उत्तर: काका, मुलगा बरोबर सांगतोय. दोन वॉशिंग्टनचे, एक ट्रेंटनचा, म्हणजे न्यू जर्सीच्या राजधानीचा. अमेरिकेच्या सिनेटमध्ये राज्य केवढंही असो, कॅलिफोर्निया काय नि वायोमिंग काय, प्रत्येकाला दोनच जागा, म्हणून ५० राज्यांचे १०० सिनेटर, टर्म ६ वर्षांची. न्यू जर्सीचे कोरी बुकर आणि अँडी किम, ते पूर्ण राज्याचे. तिसरा तो राज्याच्या विधिमंडळातला. न्यू जर्सीचे ४० डिस्ट्रिक्ट आहेत, प्रत्येकातून एक स्टेट सिनेटर आणि दोन असेंब्ली मेंबर जातात. म्हणजे तुमच्या हिशोबाने हा आमदार आणि ते दोघे राज्यसभेचे खासदार, फक्त त्यांना लोक थेट मत देतात. पूर्वी तसं नव्हतं बरं का, १९१३ पर्यंत वॉशिंग्टनचे सिनेटर राज्यांची विधिमंडळंच निवडायची, अगदी आपल्या राज्यसभेसारखं.

स्टेट सिनेटर म्हणजे छोटा माणूस असं मात्र समजू नका. टेक्ससमध्ये स्टेट सिनेटर ३१ आहेत आणि वॉशिंग्टनला जाणारे काँग्रेसमन, म्हणजे आपल्या लोकसभेच्या खासदारांसारखे, ३८, म्हणजे तिथे स्टेट सिनेटरचा मतदारसंघ काँग्रेसमनपेक्षा मोठा! कॅलिफोर्नियात पण तेच, ४० आणि ५२.

प्रश्न: आमच्या स्टेट सिनेटरच्या प्रत्येक ईमेलमध्ये "प्रॉपर्टी टॅक्समध्ये दिलासा" असतं आणि आमचं बिल दर वर्षी वाढतंच. हे लोक आम्हाला वेडं समजतात का?

उत्तर: वेडं नाही समजत, पण अर्धीच गोष्ट सांगतात. न्यू जर्सीत प्रॉपर्टी टॅक्स ट्रेंटन लावतच नाही. टाउनशिप, काउंटी आणि स्कूल बोर्ड लावतात, त्यात शाळांचा वाटा सगळ्यात मोठा. २०२४ साली राज्यातलं सरासरी बिल पहिल्यांदाच १०,००० डॉलरच्या वर गेलं. स्टेट सिनेटरच्या हातात काय असतं, तर भरलेल्यातले थोडे परत देणं. अँकर, सीनियर फ्रीझ आणि आता स्टे एनजे, या तिन्ही योजना त्यातल्याच. त्यामुळे "दिलासा दिला" हे खरं आणि "बिल वाढलं" हे पण खरं.

पण चिडून ते ईमेल उडवू नका, कारण अर्जाच्या तारखा त्यातच असतात. ६५ च्या वरच्यांसाठी तिन्ही योजनांचा मिळून आता एकच फॉर्म आहे, पीएएस-१. स्टे एनजेमध्ये ६५ च्या वरच्या घरमालकाला, उत्पन्न ५ लाख डॉलरच्या खाली असेल तर, ठरलेल्या मर्यादेपर्यंत अर्धा प्रॉपर्टी टॅक्स परत मिळावा असं ठरलंय. आपल्याकडे घोळ कुठे होतो सांगते, घर मुलाच्या नावावर असतं आणि आई-बाबा ७० चे, मग मुलगा फोन करून विचारतो की यांच्या नावाने भरू का. नाही चालत. घर त्यांच्या मालकीचं पाहिजे आणि ते तिथे राहत असले पाहिजेत. आणि हे सगळं दर वर्षीच्या बजेटवर अवलंबून असतं, राज्याचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं, म्हणून मे-जूनमधले ईमेल तरी नीट वाचा, तेव्हाच रकमा वरखाली होतात.

प्रश्न: ट्रेनबद्दल आमच्या स्टेट सिनेटरने "पत्र लिहिलं", यूएस सिनेटरने पण "पत्र लिहिलं". सगळे पत्रंच लिहितात, मग निर्णय कोण घेतं?

उत्तर: कारण ट्रेन एकाची आणि रूळ दुसऱ्याचे. एनजे ट्रान्झिट ही राज्याची संस्था, तिचं भाडं, तिचं बजेट ट्रेंटनच्या अखत्यारीत, २०२४ च्या जुलैत भाडं १५ टक्के वाढलं ते तिथूनच. पण मेट्रोपार्क, एडिसन, प्रिन्स्टन जंक्शन ज्या लाइनवर आहेत त्या नॉर्थईस्ट कॉरिडॉरचे रूळ आणि वरची वायर अॅमट्रॅक या केंद्राच्या रेल्वे कंपनीची, तो विषय वॉशिंग्टनचा. हॅकेन्सॅक नदीवरचा पोर्टल ब्रिज १९१० चा, हडसनखालचे बोगदे पण १९१० चे, आणि २०१२ च्या सँडी वादळात त्यांच्यात खारं पाणी शिरलं होतं. नवा बोगदा बांधायचा प्रोजेक्ट साधारण १६ अब्ज डॉलरचा, त्यातला मोठा भाग फेडरल, म्हणजे केंद्राचा पैसा. तेव्हा भाडं आणि टाइमटेबल असेल तर स्टेट सिनेटर, पूल-बोगदे-वायर असेल तर यूएस सिनेटर किंवा काँग्रेसमन. आणि घरासमोरचा खड्डा असेल तर तिघांनाही नको, टाउनशिपला फोन करा.

प्रश्न: मी १२ वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत आहे. दर थोड्या महिन्यांनी कुठला तरी सिनेटर बिल आणतो, व्हॉट्सअॅप ग्रुपवर पेढे वाटल्यासारखे मेसेज येतात, आणि मग काहीच होत नाही. हे ईमेल वाचायचे तरी कसे?

उत्तर: तुमची चीड समजते, आणि हा प्रश्न सगळ्यात जास्त लोकांनी विचारलाय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ईमेलमध्ये बिलाचं नाव दिसलं की आधी एवढंच शोधायचं की ते कुठे पोचलंय. नुसतं मांडलंय? कमिटीत अडकलंय? एका सभागृहात पास झालंय? दोन्हींत? सही झाली? बिल मांडणं फुकट असतं, कोणीही सदस्य कितीही मांडू शकतो, आणि बहुतेक बिलं कमिटीतच संपतात, त्यांच्यावर साधी चर्चासुद्धा होत नाही. दोन वर्षांची काँग्रेस (म्हणजे इथली संसद) संपली की उरलेली सगळी आपोआप रद्द, पुढच्या वेळी नव्या नंबराने पुन्हा पहिल्यापासून. म्हणून त्याच नावाचं बिल तुम्हाला परत परत दिसतं.

तुमच्याच रांगेचं उदाहरण घ्या. नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००, आणि कुठल्याही एका देशाला ७ टक्क्यांच्या वर नाही असा नियम. भारताला जी मर्यादा तीच आइसलँडला. ही मर्यादा काढणारं बिल हाउसमध्ये, म्हणजे खालच्या सभागृहात, जुलै २०१९ ला ३६५ विरुद्ध ६५ मतांनी पास झालं, एवढ्या मोठ्या फरकाने, दोन्ही पक्षांच्या मतांनी! मग सिनेटमध्ये यूटाचे माइक ली त्याचं सिनेटवालं बिल, एस-३८६, घेऊन मागे लागले, कधी एक सिनेटर अडवायचा कधी दुसरा, प्रत्येकाची समजूत घालताना मजकूर बदलत गेला, आणि २ डिसेंबर २०२० ला ते सिनेटमध्ये एकमताने पास झालं. त्या रात्री आपल्या ग्रुप्सवर काय झालं असेल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. पण हाउसने पास केलेला मजकूर वेगळा आणि सिनेटचा वेगळा, दोन्ही एक करायला महिनाभरच हातात होता, ते झालं नाही, जानेवारीत ती काँग्रेस संपली आणि बिल पण संपलं. म्हणजे "सिनेटमध्ये पास झालं" हे शंभर टक्के खरं, आणि तरी तुमच्या हातात काही नाही.

राज्यात पण असंच. कॅलिफोर्नियात २०२३ ला स्टेट सिनेटर आयशा वहाब यांनी जातीवरून भेदभाव करायला स्पष्ट बंदी घालणारं एसबी-४०३ आणलं. आपल्याच लोकांनी बाजूने पण पत्रं लिहिली आणि विरोधात पण, दोन्हीकडचे लोक राजधानी सॅक्रामेंटोला सुनावणीला जाऊन बोलले, दोन्ही सभागृहांत ते पास झालं. आणि ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी व्हेटो केला, सध्याच्या कायद्यांनी हा भेदभाव आधीच बेकायदा आहे असं कारण देऊन. मला स्वतःला तो व्हेटो पटला नाही, पण तो मुद्दा वेगळा. सांगायचं एवढंच की सही होईपर्यंत पेढे आणू नका.

तुम्ही काय करू शकता? सिनेटरच्या ऑफिसला फक्त एवढं विचारा की या बिलाची कमिटीत सुनावणी कधी आहे आणि तुम्ही को-स्पॉन्सर, म्हणजे सहप्रस्तावक, आहात का. को-स्पॉन्सर नसतील तर व्हा म्हणा. "बॅकलॉगचं काहीतरी करा" असं म्हटलं की "आम्हीही याबद्दल चिंतित आहोत" असं गोड पत्र येतं, बिलाचा नंबर घेऊन विचारलं की हो किंवा नाही म्हणावं लागतं.

प्रश्न: सिनेटरच्या ऑफिसला फोन केला की इमिग्रेशनचं अडकलेलं काम होतं असं ऐकलंय. खरं का?

उत्तर: अर्धं खरं. याला इथे केसवर्क म्हणतात, न्यूजलेटरमध्ये खाली बारीक अक्षरात "फेडरल एजन्सीबाबत मदत हवी आहे का" असं असतं तेच. हे राज्याच्या सिनेटरकडे नाही, यूएस सिनेटर किंवा तुमच्या काँग्रेसमनकडे. इमिग्रेशन, पासपोर्ट, सोशल सिक्युरिटी, आयआरएस (इन्कम टॅक्स खातं), माजी सैनिकांची कामं, अशा सगळ्यांसाठी त्यांच्या ऑफिसात खास माणसं बसलेली असतात आणि ही मदत पूर्ण फुकट असते, कोणी एजंट यासाठी पैसे मागत असेल तर फोन ठेवून द्या.

आधी एक प्रायव्हसी रिलीज फॉर्म सही करून द्यावा लागतो, कारण १९७४ च्या प्रायव्हसी कायद्यामुळे तुमच्या परवानगीशिवाय एजन्सी तुमची माहिती त्यांना देऊ शकत नाही. सही ज्याची केस आहे त्याचीच लागते, सासूबाईंची केस असेल तर सासूबाईंची. सोबत रिसीट नंबर द्या आणि काय झालं, कधी झालं ते एका पानात लिहा, चार पानी कहाणी नको. मग ऑफिस एजन्सीला विचारतं, उत्तर आणतं, कधी कधी फाइल कुठेतरी राहून गेलेली असते ती हलते. पण निर्णय बदला असा हुकूम त्यांना देता येत नाही, रांग तोडून पुढे नेता येत नाही, कोर्टात असलेल्या प्रकरणात पडता येत नाही. मुंबईच्या कॉन्सुलेटने आई-बाबांचा व्हिजिटर व्हिसा नाकारला तर सिनेटर चौकशी करू शकतो, व्हिसा द्यायला लावू शकत नाही. आणि दोन्ही सिनेटर अधिक काँग्रेसमन असा तिघांकडे एकाच वेळी अर्ज टाकू नका, तीच चौकशी तीनदा जाते आणि गोंधळ होतो.

ओसीआयसाठी (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) मात्र कृपा करून यांना फोन करू नका हो! ते आपल्या भारत सरकारचं काम आहे. एका बाईंनी खरंच केला होता म्हणून लिहिलं.

प्रश्न: मी एच-१बी वर आहे, मत नाही. मग सिनेटर माझं का ऐकेल? आणि फोन केला तर व्हिसाला धोका नाही ना?

उत्तर: मतदारसंघ आखताना जनगणनेत सगळे राहणारे मोजतात, नागरिक असो नसो, त्यामुळे तुम्ही त्यांच्या हिशोबात आहात. ऑफिसने फोनवर सिटिझन आहात का असं विचारणं सहसा होत नाही, झिप कोड विचारतात. बिलाबद्दल मत सांगायचा हक्क तुम्हाला पण आहे.

दोन गोष्टी मात्र कडक. एक, निवडणुकीसाठी पैसे द्यायचे नाहीत, ना वॉशिंग्टनच्या निवडणुकीला ना राज्याच्या. ग्रीन कार्डवाल्यांना चालतं, एच-१बी, एफ-१, एच-४ वाल्यांना फेडरल कायद्याने बंदी आहे, आणि मित्राला कॅश देऊन त्याच्या नावावर द्यायला सांगणं हा तर वेगळा गुन्हा. दुसरं, ड्रायव्हिंग लायसन्स काढताना मतदार नोंदणीचा चौकोन येतो तिथे घाईत "येस" करू नका. हे ग्रीन कार्डवाल्यांना पण लागू. चुकून झालेली नोंदणी पुढे सिटिझनशिपच्या वेळी फार महागात पडते.

प्रश्न: आमच्या मंडळाच्या गणपतीला स्टेट सिनेटर आले, सोनेरी शिक्का मारलेला कागद देऊन गेले, न्यूजलेटरमध्ये फोटो पण आला. त्या कागदाचं पुढे काय करायचं?

उत्तर: फ्रेम करा. कायद्याने त्याला काही किंमत नाही.

दिवाळीबद्दल मात्र तिघांनी विचारलंय म्हणून थोडं सांगते. पेनसिल्व्हेनियात २०२४ ला गव्हर्नर शपिरो यांनी दिवाळी राज्य सुट्टी म्हणून मान्य करणाऱ्या बिलावर सही केली, स्टेट सिनेटर निखिल सवाल आणि ग्रेग रॉथमन, एक डेमोक्रॅट एक रिपब्लिकन, यांनी ते आणलं होतं, पण त्यामुळे शाळा-ऑफिसं बंद ठेवणं बंधनकारक नाही. न्यूयॉर्क शहरात उलट, २०२३ च्या कायद्याने तिथल्या सरकारी शाळांना खरोखरची सुट्टी मिळाली. कॅलिफोर्नियाने २०२५ ला कायदा केला. तेव्हा फोटो काढायला आलेल्या सिनेटरला विचारायचं असेल तर हे विचारा, मान्यता की सुट्टी? आणि ते आलेच आहेत तर मोदक खाता खाता मंडळाच्या हॉलसमोरच्या सिग्नलचं पण बोलून घ्या, तेवढा वेळ असतो त्यांच्याकडे.

प्रश्न: ही चकचकीत पत्रकं कोणाच्या पैशाने छापतात?

उत्तर: तुमच्या आमच्या. वॉशिंग्टनच्या सदस्यांना तिकिटाच्या जागी सही छापून पत्र पाठवायची सवलत आहे, तिला फ्रँकिंग म्हणतात, ती १७७५ पासूनची, म्हणजे देश स्वतंत्र जाहीर व्हायच्या आधीची. त्यावर बंधनं आहेत. सिनेटर स्वतः उमेदवार असेल तर निवडणुकीच्या आधीचे ६० दिवस अशी घाऊक पत्रं पाठवता येत नाहीत, आणि एरवीही त्यांच्यावर वर्षाला ५०,००० डॉलरची मर्यादा आहे. म्हणून आता बहुतेक ईमेलच येतात.

ओळखायची खूण सोपी. वॉशिंग्टनच्या सदस्याचं सरकारी ईमेल असेल तर पत्ता डॉट गव्हने संपतो आणि पैसे मागितलेले नसतात. "आज रात्री १२ च्या आत ५ डॉलर द्या नाहीतर सगळं संपलं" असं असेल तर ते निवडणुकीवाल्यांचं, ते मात्र खुशाल डिलीट करा.

प्रश्न: मी पुण्यात असतो, मुलगी कॅलिफोर्नियात बे एरियात. तिच्या सिनेटरचे अपडेट ती मला पाठवते. आमच्याकडे कार्यसम्राटांचे फ्लेक्स असतात. फरक काय?

उत्तर: फ्लेक्सवर वाढदिवस असतो, यात फोन नंबर असतो, असं म्हणून टाळ्या घेता येतील, पण तेवढं सोपं नाही. आपल्या खासदाराला वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी सुचवता येतो, त्यातून समाजमंदिर, बोअरवेल, शाळेची खोली दिसते तरी. इथल्या सिनेटरकडे असा ठरलेला निधी नाही. तो एखाद्या हॉस्पिटलसाठी, लायब्ररीसाठी बजेटमध्ये रक्कम मागू शकतो, मध्ये दहा वर्षं ते बंद होतं, २०२१ ला पुन्हा सुरू झालं, आणि कोणासाठी किती मागितले ती यादी त्याला वेबसाइटवर टाकावी लागते. ती यादी मला सगळ्या न्यूजलेटरपेक्षा जास्त आवडते, त्यात विशेषणं नसतात. नॉन-प्रॉफिट संस्थांना पण अर्ज करता येतो, आपल्या सीनियर सेंटरवाल्यांनी वाचून ठेवा.

प्रश्न: मराठी माणूस कधी सिनेटर झालाय का इथे?

उत्तर: झालाय की, आणि बाई! नागपूरच्या स्वाती दांडेकर. आयोवासारख्या मक्याच्या राज्यात २००२ ला राज्याच्या हाउसवर निवडून आल्या, २००८ ला स्टेट सिनेटवर, २०११ ला राजीनामा देऊन राज्याच्या युटिलिटीज बोर्डावर गेल्या. मेरीलँडच्या हाउसमध्ये कुमार बर्वे त्याच्याही आधी, १९९० ला निवडून आले होते. बेळगावचे श्री ठाणेदार मिशिगनमधून काँग्रेसमध्ये आहेत, सिनेटर नाहीत पण खासदार म्हणा. वॉशिंग्टनच्या सिनेटमध्ये अजून कोणी मराठी नाही.

प्रश्न: मला फोन करायला भीती वाटते. इंग्रजी अडखळतं. काय बोलायचं?

उत्तर: पलीकडे बहुतेक वेळा विशी-बाविशीतला इंटर्न असतो, तोही थोडा घाबरलेलाच असतो. नाव, गाव, झिप कोड, बिलाचा नंबर, बाजूने की विरोधात, बस. एका फोनमध्ये एकच विषय. तो टिक करतो आणि थँक यू म्हणतो, वाद घालत नाही. वॉशिंग्टनसाठी कॅपिटलचा स्विचबोर्ड २०२-२२४-३१२१, राज्याचं नाव सांगितलं की सिनेटरच्या ऑफिसला जोडून देतात. ट्रेंटन, सॅक्रामेंटो, ऑस्टिनसाठी नंबर तुमच्या न्यूजलेटरच्या तळाशी असतो. लोकल ऑफिसला केलात तर लाइन लवकर लागते असा माझा अनुभव. रात्री केलात तर व्हॉइसमेल येतो, त्यावर पण झिप कोड सांगायचा, नाहीतर तुम्ही त्यांच्याच मतदारसंघातले आहात हे त्यांना कळणार कसं.